रायटर होते, आता तपासी अंमलदार आहे: सहा आठवड्यांच्या कोर्सबद्दल सविस्तर

माझी बरीचशी नोकरी रायटर म्हणून गेली. साहेब सांगतील तसा पंचनामा लिहायचा, जबाब टाईप करायचे, डायरी तयार ठेवायची, दोषारोपपत्राचे कागद क्रमाने लावून कोर्टात न्यायचे. अक्षर बरं आणि सीसीटीएनएसवर, म्हणजे पोलिसांच्या गुन्हे नोंदीच्या संगणक प्रणालीवर, हात बसलेला, त्यामुळे ते काम माझ्याकडेच राहिलं. पंचनाम्याखाली ‘माझेसमक्ष’ लिहून सही मात्र नेहमी दुसऱ्याची.

मे २०२५ मध्ये गृह विभागाची अधिसूचना आली. पदवीधर असलेल्या, सात वर्षं सेवा झालेल्या आणि नाशिकच्या गुन्हे अन्वेषण प्रशिक्षण विद्यालयातला सहा आठवड्यांचा कोर्स पास झालेल्या पोलीस शिपायालाही तपास करता येईल, असं त्यात होतं. तोवर तपास हवालदारापासून वरच्यांकडे असायचा. छोट्या पोलीस ठाण्यांत एकेका तपास अधिकाऱ्याकडे केवढे गुन्हे साचतात, हे खात्यातल्या कुणाला सांगायला नको. जाण्याआधी मी ज्यांना विचारलं त्यांनी ‘जा, होईल सगळं’ एवढंच सांगितलं. आता मलाच फोन येतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय.

सुरुवात कागदांपासून. आमच्याकडून पदवी प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत, सेवापुस्तकाची झेरॉक्स, विभागीय चौकशी चालू नसल्याचा दाखला आणि प्रभारी अधिकाऱ्यांची शिफारस मागवली. माझी पदवी नोकरी लागल्यावर मुक्त विद्यापीठातून झालेली. तिची नोंद सेवापुस्तकात लागलीच नव्हती, आणि नोंद नाही म्हणून नाव पुढे जाईना. आस्थापनेच्या टेबलावर माझा अर्ज जवळजवळ दोन महिने पडून होता. नोकरीत असताना पदवी घेतलेले आपल्याकडे खूप आहेत. त्यांनी बॅचचं पत्र निघायची वाट न बघता आजच सेवापुस्तक उघडून बघावं. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, तारखेसकट. मला ती पोच दोनदा दाखवावी लागली.

नाव लागल्यावर गणेशोत्सवाचा बंदोबस्त आला. बंदोबस्तात माणूस सोडत नाहीत, त्यामुळे पहिली बॅच गेली. दुसऱ्या बॅचला, दिवाळीनंतर, कार्यमुक्तीचा आदेश हातात पडला. स्टेशन डायरीला रवानगी टाकून निघाले. मुलगी तिसरीत आहे, तिला सासूबाईंकडे ठेवलं. खर्चाचं सगळेच विचारतात: मेसचे आगाऊ पैसे, गणवेशाचा जादा जोड, वह्या-झेरॉक्स आणि जाणं-येणं धरून सहा-सात हजार रुपये आधी स्वतःचे घालावे लागले. प्रवासभत्त्याचं बिल नंतर मंजूर झालं, त्यासाठी एसटीचं तिकीट जपून ठेवा. महिलांना निम्मं तिकीट असलं तरी बिलाला तेच लागतं.

पहिला आठवडा कायद्यात गेला आणि तो जड गेला. १ जुलै २०२४ पासून तिन्ही फौजदारी कायदे (न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम) नवे. पण आमच्या हाताला जुने आकडे बसलेले. खुनाचा प्रयत्न म्हटलं की ३०७ च यायचं, १०९ लिहिताना पेन थांबायचं. प्रथम खबर १५४ ची १७३ झाली, साक्षीदाराचा जबाब १६१ चा १८०, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं ६५-ब चं प्रमाणपत्र आता ६३ खाली. त्यातून घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर कलमं अजूनही भारतीय दंड संहितेचीच लागतात. जुनं-नवं असा तक्ता भिंतीवर लावून पाठ करणारे बरेच होते. मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट उपयोगी पडली. फिर्याद घेण्यापासून दोषारोपपत्रापर्यंत कामं ज्या क्रमाने होतात त्या क्रमाने कोऱ्या वहीत उतरवली आणि प्रत्येक कामासमोर नवं कलम लिहिलं. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण, १०५. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाची घटनास्थळाला भेट, १७६(३). अटक न करता द्यायची नोटीस, ३५(३). केस डायरी, १९२. आकडा कामाला चिकटला की विसरत नाही. ती वही अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

दुसऱ्या आठवड्यात घटनास्थळ सुरू झालं आणि माझा सगळा थकवा गेला. एका खोलीत घरफोडीचा देखावा मांडलेला. उंबऱ्याजवळ तुटलेला कोयंडा, उघडं कपाट, जमिनीवर साड्या, खिडकीची काच फुटलेली आणि तिच्या कडेला रक्ताचा वाळलेला ठिपका. आमची दहा जणांची तुकडी दाराशी पोचताच दोघे आत शिरायला निघाले. शिकवणाऱ्या सरांनी हात आडवा केला. म्हणाले, ‘दहा मिनिटं दारातच उभे राहा. हात खिशात. फक्त बघा.’

पहिली दोन मिनिटं नुसता पसारा दिसला. मग हळूहळू गोष्टी वेगळ्या व्हायला लागल्या. कोयंड्याचे स्क्रू लाकडासकट उपटलेले होते, म्हणजे पहारीसारखं काहीतरी घालून जोर दिलेला. मग खिडकी कशाला फोडली? काचेचे तुकडे आत कमी आणि बाहेरच्या कट्ट्यावर जास्त होते. कपाटाचा वरचा कप्पा सरळ कुलूप उघडून काढलेला, खालचे मात्र विस्कटलेले. सर काहीच बोलत नव्हते. दहा मिनिटांनी त्यांनी एकेकाला विचारलं, ‘काय दिसलं?’ एकजण म्हणाला, ‘चोर दारातून आला आणि खिडकीतून पळाला.’ सर म्हणाले, ‘हे तुम्हाला दिसलं नाही. हे तुम्ही ठरवलंत. काच कुठे पडली आहे तेवढं लिहा.’

या एका वाक्यासाठी मी तिथे गेले असं मला वाटतं. इतकी वर्षं पंचनामे लिहिले, त्यांत ‘अज्ञात चोरट्याने कशाच्या तरी साहाय्याने कडी-कोयंडा तोडून आत प्रवेश करून’ हे वाक्य तयारच असायचं, जागा बघायच्या आधीपासून. तपासातलं पहिलं काम म्हणजे जे दिसतं ते बदलायच्या आत टिपून ठेवणं. अर्थ नंतर लावता येतो, चुकला तर बदलता येतो. हललेली वस्तू मूळ जागी परत ठेवता येत नाही.

मग रीतसर काम. जागेची चतुःसीमा, दाराचं तोंड कुठल्या दिशेला, उजेड कशाचा, जायची-यायची वाट एकच ठरवून सगळ्यांनी तिच्यावरूनच चालायचं. फोटो तीन टप्प्यांत: लांबून सगळी खोली, मधल्या अंतरावरून वस्तू आणि तिच्या आजूबाजूचं, मग जवळून, पट्टी शेजारी ठेवून. प्रत्येक वस्तूचं अंतर दोन पक्क्या जागांपासून मोजायचं, भिंतीचा कोपरा, दाराची चौकट अशा. पलंगापासून मोजलंत आणि उद्या घरच्यांनी पलंग सरकवला की माप गेलं.

रक्ताच्या ठिपक्यासाठी गॉजचा तुकडा डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओला करून टिपायचा आणि सावलीत पूर्ण वाळू द्यायचा. मग कागदी पाकिटात. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, बुरशी-जिवाणू वाढतात आणि डीएनए खराब होतो. शेजारच्या डाग नसलेल्या जागेचा गॉज वेगळ्या पाकिटात घ्यायचा, तुलनेसाठी. आपल्याकडे रक्ताळलेले कपडे घाईघाईत दुकानाच्या कॅरीबॅगेत बांधलेले मी पाहिलेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

ठसे घेणं तज्ज्ञांचं काम, आपलं काम ते येईपर्यंत जागा राखायचं. तरी आम्हाला टॉर्च तिरकी धरून ठसा शोधायला लावला. उजेड सरळ टाकला तर काच नुसती चमकते. बाजूने, जवळजवळ काचेला टेकवून टॉर्च धरली की रेषा उठून दिसतात. माझ्या तुकडीला कपाटाच्या आरशावर एक अंगठा सापडला तेव्हा सगळे लहान मुलांसारखे वाकून बघत होतो. घरातल्या माणसांचे ठसेही घ्यावे लागतात, म्हणजे त्यांचे वगळून उरलेला परका ठसा कळतो.

त्याच तासाला सरांनी सांगितलं की जगातलं पहिलं फिंगरप्रिंट ब्युरो १८९७ मध्ये कोलकात्यात सुरू झालं. ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्या दोन उपनिरीक्षकांचा मोठा वाटा, पण पद्धत ओळखली जाते ती त्यांचे साहेब हेन्री यांच्या नावाने. वर्गात अर्ध्याहून जास्त जण माझ्यासारखे रायटर होते. बराच वेळ सगळे त्याच्यावरच बोलत होते.

मृत्यूच्या तपासाचा भाग मनाला जड जातो, पण टाळू नका. गळफासाच्या प्रकरणात गाठ कधीही सोडायची नाही. दोर गाठीपासून लांब कापायचा आणि कापलेली दोन्ही टोकं दोऱ्याने बांधून ठेवायची, कारण गाठ कशी मारली आहे हाच पुरावा असतो. व्हिसेराच्या (शवविच्छेदनात तपासणीसाठी काढलेल्या आतल्या अवयवांच्या) बरण्यांत मिठाचं संपृक्त द्रावण असतं आणि सील, लेबल, नमुना शिक्का यांतला एक जरी कागदाशी जुळला नाही तरी पार्सल प्रयोगशाळेच्या खिडकीवरून परत येतं. रायटर असताना अशी पार्सलं घेऊन मी स्वतः रांगेत उभी राहिले आहे. त्या मागचं कारण आता कळलं.

डिजिटल पुराव्याला तीन दिवस होते, अजून हवे होते. बंद असलेला संगणक सुरू करायचा नाही, चालू असलेला तज्ज्ञाला विचारल्याशिवाय बंद करायचा नाही. मोबाईल हातात आला की फ्लाइट मोड, म्हणजे लांबून कुणी पुसू शकत नाही. सीसीटीव्ही फुटेज घेताना हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली तर बदलणारा तिचा ओळख-आकडा) काढून पंचनाम्यात लिहायची. कलम ६३ च्या प्रमाणपत्राला आता दोन भाग आहेत, भाग ‘अ’ ते उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने. आणि सर्वांत साधी, सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट: डीव्हीआरचं (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ आणि खरी वेळ यांतला फरक. स्क्रीनवरची वेळ आणि आपल्या मोबाईलवरची वेळ एकाच फोटोत घ्या आणि फरक मिनिटांत लिहा. फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, त्यामुळे कॅमेऱ्याकडे फिर्याद झाली त्याच दिवशी जायचं.

जबाबाच्या तासाला मॅडम होत्या. साक्षीदाराला मधे न तोडता एकदा पूर्ण बोलू द्यायचं, मग प्रश्न. शब्द त्याचेच ठेवायचे. ‘सदर इसमाने मला अश्लील शिवीगाळ केली’ असं कुणी बोलत नाही. ती बाई जे बोलली तेच लिहा. महिला, पंधरा वर्षांखालचे मुलगे, साठीच्या पुढचे, दिव्यांग आणि गंभीर आजारी यांना पोलीस ठाण्यात बोलवायचं नाही, त्यांच्या घरी जायचं. कलम १८० च्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. मारहाण करून, धमकावून मिळवलेली कबुली कोर्टात शून्य आहे, हे मॅडमनी शांतपणे आणि परत परत सांगितलं. पोलिसासमोर दिलेली कबुली चालत नाही. चालतो तो फक्त तेवढा भाग ज्यामुळे एखादी वस्तू किंवा जागा नव्याने उघड झाली. हे पूर्वीचं कलम २७, आता साक्ष अधिनियमाचं २३. पुलुकुरी कोटय्या खटल्यातला जुना निवाडा त्यासाठी शब्दशः समजावून घेतला. माझ्या मते मारहाण हा तपासातला आळस आहे. ज्याला बघायचा, मोजायचा, लिहायचा कंटाळा, तो हात उचलतो.

सगळ्यांना भीती होती ती मॉक कोर्टाची. एक सरकारी वकील आरोपीच्या वकिलाच्या भूमिकेत उभे राहिले, समोर आम्ही आणि आमचे स्वतः लिहिलेले पंचनामे. माझ्या आधीच्या सहकाऱ्याला त्यांनी विचारलं, ‘मुद्देमाल सीलबंद केला म्हणता. लाखेवर शिक्का कुठला होता?’ पंचनाम्यात ते नव्हतं. ‘तो शिक्का नंतर कुणाकडे होता? मुद्देमाल कारकुनाकडे किती वाजता जमा केला? रजिस्टरला नोंद आहे?’ आवाज अजिबात चढलेला नव्हता. पाच मिनिटांत चांगला झालेला पंचनामा डळमळला. माझ्या वेळी पंचांवरून सुरुवात झाली: पंच कुठे राहतात, तिथे कसे आले, याआधी किती वेळा पंच होते. मी स्थानिक दोन माणसं घेतल्याचं आणि ती कशी बोलावली ते लिहिलं होतं, म्हणून उत्तर देता आलं. पाय मात्र कापत होते. नंतर त्या वकिलांनी सांगितलं की साक्षीत आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा, अंदाजाने वेळ सांगू नका. तेवढ्याने बराच धीर आला.

शेवटी लेखी परीक्षा आणि एक पूर्ण बनावट केस, फिर्यादीपासून दोषारोपपत्रापर्यंत. ज्यांना टंकलेखनाची सवय आहे त्यांनी हाताने लिहायचा सराव करून जावा, बोटं दुखतात. परत येऊन स्टेशन डायरीला आमद (हजर झाल्याची नोंद) टाकली, प्रमाणपत्राची प्रत आस्थापनेत दिली आणि या वेळी सेवापुस्तकातली नोंद स्वतः बघूनच बाहेर पडले.

त्यानंतर महिनाभर काहीच घडलं नाही. मी पुन्हा सीसीटीएनएससमोर. मग एका आठवडी बाजाराच्या दिवशी मोटारसायकल चोरीची फिर्याद आली आणि साहेबांनी ‘तपास तुमच्याकडे’ असं लिहिलं. कलम ३०३(२). बाजाराच्या तोंडाशी खताचं दुकान आहे, त्याच्या कॅमेऱ्यात एक माणूस गाडी ढकलत नेताना दिसला, वेळ ११:४०. एसटी स्टँडच्या कॅमेऱ्यात तोच माणूस गाडी चालवत जाताना, पण वेळ ११:२६. म्हणजे आधी गाडी पळवली आणि नंतर ढकलत नेली? दुकानाचं घड्याळ २२ मिनिटं पुढे होतं. फरक मांडला आणि दोन्ही फुटेज ओळीने बसली. दुकानदाराला भाग ‘अ’ समजावून सही घ्यायला तासभर लागला, तो बिचारा ‘मला कोर्टात अडकवू नका’ म्हणत होता.

संशयिताला ताब्यात घेतलं तेव्हा रात्र झाली होती. अटकेची कारणं मराठीत लिहून त्याच्या हातात दिली, भावाला फोन केला, वैद्यकीय तपासणी, सगळ्याची डायरीला वेळेसह नोंद. दुसऱ्या दिवशी पंचांसमोर तो म्हणाला, गाडी कडब्याच्या गंजीमागे लावली आहे, दाखवतो. त्याचेच शब्द लिहिले, मग निघालो, ई-साक्ष्य या पुरावे चित्रित करायच्या सरकारी ॲपवर चित्रीकरण चालू ठेवून. नंबरप्लेट काढून टाकलेली होती. कागद धरून वरून पेन्सिल घासली आणि चासी नंबर कागदावर उमटला. आरसी बुकाशी एकेक अक्षर पंचांनीच वाचून जुळवलं. त्या पंचनाम्याखाली ‘माझेसमक्ष’ लिहून मी सही केली. अक्षरही माझं आणि सहीही माझी.

दोषारोपपत्र ६० दिवसांच्या मुदतीच्या बरंच आधी गेलं. फिर्यादीला ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती कळवायची असते; त्याला मी फोनही केला आणि लेखी पत्रही दिलं, पत्राची प्रत फाइलला लावली. गाडी त्याला कोर्टाच्या आदेशाने सुपूर्दनाम्यावर (मागितल्यावर हजर करायच्या हमीवर) परत मिळाली. देण्याआधी चारही बाजूंनी फोटो आणि पंचनामा करून घ्या, नाहीतर खटल्याच्या वेळी गाडी विकलेली असते आणि दाखवायला काही राहत नाही.

केसला नंबर पडला आहे. साक्षीला कधी बोलावतील ते सांगता येत नाही, तोवर बदलीही होईल, म्हणून गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), केस नंबर, पंचांचे पत्ते आणि मुद्देमाल नंबर एका डायरीत उतरवून ठेवलेत. या आठवड्यात मोबाईल चोरीचा दुसरा गुन्हा माझ्याकडे वर्ग झाला आहे. आयएमईआय (मोबाईलचा स्वतःचा ओळख क्रमांक) नंबर फिर्यादीकडच्या बिलावरून घेतला, कंपनीला पत्र आजच गेलं.